विद्या पक्की, वह्या परक्या : लातूरच्या एका श्वान-वर्गाबद्दल

लातुरात कुत्रं शिकवायचं म्हणलं की आजवर दोनच वाटा होत्या. एक तर पट्टा आवळून 'सीट-स्टँड' घोटून घेणारा कुणीतरी गाठायचा, नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ बघत आपणच डोकं चालवायचं. त्यामुळं बार्शी रोडला एका मोकळ्या प्लॉटवर पशुवैद्यक असलेल्या मॅडमनी कुत्री पाळणाऱ्यांसाठी वर्ग काढलाय, असं कानावर आल्यावर दुकान भावावर टाकलं आणि नाव नोंदवलं. शनिवार-रविवार, दोन महिने, फी साडेचार हजार. पैसे वसूल झाले का? झाले. पण तक्रारी आहेत, त्याही सांगतो.

आमची बिजली कारवानी जातीची कुत्री, माळेगावच्या यात्रेतून आणलेली. आली तेव्हा चार महिन्यांची होती. मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, की पिल्लाला माणसं, आवाज, गाड्या यांची सवय लावायचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. तो गेलाय, आता काम होईल पण सावकाश. 'महिन्यात कुत्रं बदलून देतो' अशी बढाई नाही, हे मला आवडलं.

आमची मूळ अडचण ताटलीची. बिजली खात असताना बाबा जवळून गेले की ती गुरगुरायची. बाबांचं एकच पालुपद, "कुत्र्याला धाक पायजे." एका रविवारी मी त्यांनाच वर्गाला घेऊन गेलो. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत, ही धाकाची कल्पना जिथून आली त्या लांडग्यांवर आल्या. १९४७ साली शेंकेल नावाच्या संशोधकानं कोंडून ठेवलेले लांडगे बघून म्होरकेपणाच्या भांडणाचं चित्र मांडलं. पुढं १९७० साली लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या लिखाणातून ते जगभर गेलं. आणि जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर याच डेव्हिड मीच यांनी १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. बाबा म्हणाले, "मंग आमच्या घरात म्होरक्या कोण?" मॅडम म्हणाल्या, "काका, ते काकूंना विचारा." त्यानंतर बाबा वर्गाला स्वतःहून यायला लागले.

गुरगुरणं ही सूचना असते. मार देऊन ती बंद केली तर आतली भीती तशीच राहते, फक्त सूचना जाते आणि कुत्रं थेट चावतं. म्हणून आधी बघायला शिकवलं : चघळणं थांबलं, मान ताठली, डोळ्याची पांढरी कड दिसली, की आपण फार जवळ आलो. त्याच्या अलीकडं थांबायचं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा ताटलीकडं टाकायचा आणि निघून जायचं. बस्स. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, ती निवांत असली तरच वीतभर पुढं. आता बाबा शेजारून गेले तर बिजली मान वर करून अंडं शोधते. ताटली उचलू देत नाही अजून. मॅडमचं म्हणणं, खाणाऱ्याच्या पुढ्यातली ताटली उचलायची गरजच काय? बरोबर आहे.

पाव्हलोव, थॉर्नडाइक, स्किनर ही प्राणी कसे शिकतात यावर प्रयोग केलेली मंडळी एका तासात उरकली, तेवढी पुरे. क्लिकरही दिला होता, कुत्रं बरोबर वागलं की त्याच क्षणी टक वाजवायची प्लॅस्टिकची डबी. माझ्या हातात पट्टा, अंडी आणि ती डबी एकदम मावेना, मी नुसतं 'शाब्बास' म्हणतो. चालतं.

आता तक्रार. छापील नोट्स सगळ्या इंग्रजीत आणि फोटो लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हरचे. शेपूट खाली म्हणजे भीती, कान मागं म्हणजे ताण, असं त्यात लिहिलंय. कारवानीची शेपूट एरवीही खालीच लोंबते हो! कान मागं दुमडून ती अंगणात मजेत झोपलेली असते. त्या चित्रांवर गेलं तर आमची बिजली जन्माची घाबरट ठरावी. मी हे बोलून दाखवल्यावर मॅडमनी प्रत्येकाला आपल्या कुत्र्याचे निवांत असतानाचे फोटो काढून आणायला लावले आणि त्यावरून शिकवलं. तो सगळ्यात कामाचा तास झाला. मग नोट्सच तशा का करत नाहीत?

बोलावण्याचा सराव पण लॅब्रॅडॉरच्या हिशोबानं. कारवानी नजरेनं शिकार करणारी जात, ससा दिसला की हाक ऐकूच जात नाही. शेतावर मी लांब दोरी लावूनच सोडतो. आणि मे महिन्यात संध्याकाळी पाचची वेळ? कुत्र्याचे पाय भाजतील का ते हाताची पालथी बाजू फरशीवर टेकवून बघा, असं त्याच शिकवतात. टेकवली, दोन सेकंद निघेनात. पुढच्या आठवड्यापासून वर्ग सकाळी साडेसहाला आला, हे मात्र लगेच केलं.

रेबीजचा भाग घरातल्या सगळ्यांनी ऐकावा असा आहे. आमच्या गावाकडं चावल्यावर अजून चुना, मिरची भरतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. लसीचे सगळे डोस घ्यायचे, जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही. साखळीचा कायदाही तिथंच कळला : कुत्र्याला फार वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. शेतावर राखणीला कुत्रं बांधणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी हे काउंटरवरच ऐकवतो, दोघं-तिघं रागावलेही.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. फटाक्यांच्या भीतीचा धडा त्यात शेवटून दुसरा. अगदी बारीक आवाजापासून सुरुवात करून कित्येक आठवडे सवय लावायची, असं धड्यात स्वतःच सांगायचं आणि वर्ग भरवायचा फटाके वाजून गेल्यावर. गणपतीच्या आधी सुरू करा म्हणून मी मॅडमना दोनदा सांगितलं. "बघू," म्हणाल्या.