बावीस हजारांचा ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ आणि त्यातलं खोटं ग्राफिक्स कार्ड

जाहिरात अशी होती: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट, चार आरजीबी पंखे, ‘सगळे गेम चालतात’, किंमत २२,०००. घेणारा बारावीचा मुलगा, पैसे वडिलांचे. घरी आणल्यावर जीटीए फाइव्ह ‘नॉर्मल’ सेटिंगलाही २०-२२ एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या) वर जाईना. व्हॅलोरंटमध्ये समोर दोन-तीन जण आले की आकडा तिसाच्या खाली. विकणारा फोन उचलायचा, गोड बोलायचा आणि रोज एक उपाय सांगायचा. ड्रायव्हर अपडेट कर. अपडेट केल्यावर स्क्रीन काळी झाली, तर म्हणे, नको करू, पेनड्राइव्हवर दिलाय तोच ठेव. विंडोज परत टाक. सेटिंग कमी कर. तुमचं नेट स्लो असेल. पावतीवर ‘टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस’ असं होतं. उपाय करण्यातच ते दिवस संपले आणि त्यानंतर उत्तर आलं, ‘आता काही होणार नाही दादा, वर सहा हजार टाका, नवं कार्ड लावून देतो.’

कार्ड खोटं होतं, ते पुढे येतंच. पण हे रोजचे उपाय हासुद्धा फसवणुकीचाच भाग आहे. वॉरंटीचे दिवस खाण्यासाठीच ते दिलेले असतात. यातल्या कुठल्याच सल्ल्याआधी कोणी काही मोजलेलं नव्हतं. (नेट स्लो असेल तर पिंग, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ, वाढतो, खेळाडू जागच्या जागी उड्या मारतात, एफपीएस त्याने निम्मा होत नाही. हे कारण देणारा एक तर अडाणी असतो किंवा लबाड.)

मोजायला तासभर पुरतो. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. नाव एमएसआयचं असलं तरी ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं आणि फुकट आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात या गोष्टी दिसू द्या: जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान, कोअर क्लॉक (चिपचा वेग), वापरलेली व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वापर आणि फ्रेमटाइम (एका चित्राला लागलेला वेळ). मग गेममधल्या एकाच जागी दहा मिनिटं खेळा. जीपीयू ९७-९९ टक्के आणि एफपीएस कमी, म्हणजे कार्डाचा दम तेवढाच. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर आणि प्रोसेसरचे एक-दोन थ्रेड पूर्ण भरलेले, म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय. दोन्ही निवांत असतील तर व्ही-सिंक (एफपीएसला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग), एफपीएसची मर्यादा, एकेरी रॅम (दोनऐवजी एकाच वाटेने चालणारी) किंवा तापमान यांपैकी काहीतरी. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस उडी मारून वाढला तर अडचण कार्डाची. जागचा हललाच नाही तर प्रोसेसरची.

दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी तीन साध्या गोष्टी बघून घ्या, कारण यात खरोखर कोणी फसवलेलं नसतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली असेल तर कार्ड झोपूनच राहतं. ती खाली, कार्डाच्या आडव्या पट्टीत लावायची. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो बदलावा लागतो. आणि प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन क्लॉक पाडत असेल, तर कूलरच्या चार पिनांपैकी एखादी नीट बसलेली नसते किंवा पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते.

या पीसीत यातलं काहीच नव्हतं. जीपीयू ९९ टक्के, तापमान ठीक, आणि ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असं नाव सांगणारं कार्ड २० एफपीएस देत होतं. खरं १०५० टीआय जीटीए फाइव्ह १०८० वर नॉर्मल-हाय सेटिंगला साठच्या आसपास सहज नेतं. एवढा फरक ड्रायव्हरने पडत नाही.

पुढची पायरी जीपीयू-झेड. छोटं, फुकट साधन आहे. २०१८ पासून ते अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतं आणि नावाच्या आधी चौकोनी कंसात ‘फेक’ असा शब्द दाखवतं. या कार्डावर तो आला. आत होता २०१० सालचा जीटीएस ४५० चा चिप. कार्डाच्या बायोसमध्ये (त्यातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) खोटं नाव आणि खोटी मेमरी लिहायची, वर नवा चकचकीत पंखा बसवायचा, इतकंच काम. विंडोज, टास्क मॅनेजर, डीएक्सडायग हे सगळे बायोसने आणि ड्रायव्हरने सांगितलेलं नाव निमूटपणे दाखवतात, म्हणून दुकानात स्क्रीनवर ‘१०५० टीआय ४ जीबी’ दिसलं तरी त्याला पुरावा म्हणता येत नाही.

आकडे मात्र लपत नाहीत. खऱ्या १०५० टीआयचा चिप जीपी१०७, १४ नॅनोमीटर, ७६८ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग). जीटीएस ४५० चा चिप जीएफ१०६, ४० नॅनोमीटर, १९२ शेडर. जीपीयू-झेडच्या पहिल्याच पानावर हे दिसतं. मेमरीतही चलाखी असते: लिहिलेले ४ जीबी, प्रत्यक्षात बहुतेक वेळा १ जीबी. गेमने खऱ्या मेमरीपेक्षा जास्त मागितली की स्क्रीनवर रंगीत चौकोन उमटतात किंवा गेम बंद पडतो. पेनड्राइव्हवरच्या ‘खास’ ड्रायव्हरचं गूढही इथेच सुटतं. जीटीएस ४५० ज्या फर्मी पिढीतलं, तिच्यासाठी नवे गेम-ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०१८ मध्ये थांबवलं. नवा ड्रायव्हर टाकला की इन्स्टॉलर कार्डच ओळखत नाही, नाहीतर रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (विंडोजने उपकरण बंद केल्याचा इशारा). ‘अपडेट करू नका’ असं विकणाऱ्याने बजावलं की तिथेच कान टवकारावेत.

पीसी चालू न करताही एक खूण सापडते. कार्डामागे निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट आहे का बघा. १००० मालिकेपासून एनव्हिडियाच्या कार्डांतून ॲनालॉग आउटपुट गेलं. १०५० टीआयवर व्हीजीए दिसलं की पुढे बघायची गरज नाही. सहा पिनांचं पॉवर कनेक्टर ही त्यामानाने कच्ची खूण, कारण काही खऱ्या १०५० टीआयलाही ते असतं. तरी ७५ वॉटचं हे कार्ड बहुतेक मॉडेलांत स्लॉटमधूनच वीज घेतं.

आता ‘आय-सेव्हन’. यात शब्दशः खोटं काहीच नव्हतं, म्हणून राग जास्त येतो. आत आय-सेव्हन २६०० होता, २०११ सालचा, चार कोअर, आठ थ्रेड. मॉडेल नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांच्या आधी जे उरतं ती पिढी: २६०० म्हणजे दुसरी, १२४०० म्हणजे बारावी. जाहिरातीत फक्त ‘आय-सेव्हन’ असेल आणि नंबर नसेल, तर तो नंबर लपवायचाच आहे असं समजून चाला. २०२२ चा आय-थ्री १२१००एफ, तोही चार कोअरचा, या आय-सेव्हनला गेममध्ये आरामात मागे टाकतो. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स-२ सूचना (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा एक संच) नाहीत, त्या चौथ्या पिढीपासून आल्या. त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. ‘सिस्टीम’ पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून येतं आणि स्टार्टअपला एखादी स्क्रिप्ट ठेवून ते बदलता येतं. म्हणून प्रोसेसरची खरी ओळख सांगणारं सीपीयू-झेड स्वतः डाउनलोड करून उघडायचं, विकणाऱ्याच्या फोल्डरमधलं नाही.

या प्रोसेसरसोबत एच६१ मदरबोर्ड येतो. बॉक्स नवा कोरा असतो, चिपसेट मात्र त्याच काळातला: रॅमचे दोन स्लॉट, डीडीआर-३, साटा ३ गिगाबिटचं. त्यामुळे नवी एसएसडीही क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये (डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनात) सेकंदाला ५५० एमबीऐवजी पावणेतीनशेच्या आत राहते. तो दोष एसएसडीचा नाही.

‘वर सहा हजार टाका’ हा दुसरा सापळा. असल्या बोर्डावर पीसीआय-ई २.० मिळतं, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेची जुनी, हळू आवृत्ती. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला फक्त चार लेन आहेत आणि ते ४.० साठी बनवलंय, २.० वर त्याची वाट एक चतुर्थांश उरते, आणि व्हीरॅम अवघी ४ जीबी असल्याने ती भरली की गेम अडखळायला लागतो. दुसरं नाव कानावर पडतं आरएक्स ५८०. त्याचं ‘२०४८ एसपी’ हे वेगळं, कमी ताकदीचं रूप आहे. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर असतात. आणि जीटी १०३० घेणार असाल तर जीडीडीआर-५ चंच मागा. डीडीआर-४ वालं त्याच नावाने मिळतं, मेमरीचा वेग मात्र सेकंदाला ४८ जीबीऐवजी १६.८.

रॅम १६ जीबी होती खरी, पण टास्क मॅनेजरमधल्या स्लॉटच्या ओळीपेक्षा सीपीयू-झेडच्या मेमरी पानावर ‘ड्युअल’ (म्हणजे रॅम दोन वाटांनी चालतेय) लिहिलंय का ते बघणं चांगलं. तिथला वेग अर्धा दिसतो. ६६६ म्हणजे १३३३. घाबरू नका.

एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याकडे, कोणी बघत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ५०० वॉट छापलेलं असतं. खरा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यात असतो: तिथे १५ अँपिअर लिहिले असतील तर १८० वॉट, बास. जीटीएस ४५० एकटंच शंभराच्या वर खातं. गेम चालू असताना पीसी अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर आधी इथे बघा. मोलेक्समधून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या वीज-प्लगमधून, सहा पिना काढणारी जोडवायर दिसली तर ती बदलेपर्यंत गेम खेळू नका. तापून वितळलेली टोकं कायम याच जागी सापडतात.

पैसे देण्याआधीची पंधरा मिनिटं अशी घालवा. स्वतःच्या पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, सीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि फरमार्क न्या. फरमार्क कार्डावर पूर्ण ताण देतं, ते दहा मिनिटं चालवा, शेजारी तापमान आणि क्लॉक दिसू द्या. ‘नव्या’ एसएसडीचे चालू तास हजारांत नाहीत ना, ते डिस्कइन्फोत दिसेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, धड दुकानदार टेबलावर पीसी लावून हे करू देतो. ‘लाइट नाही’, ‘पॅक माल आहे, उघडता येत नाही’ म्हणणाऱ्याकडून निघा. बिल पक्कं हवं, जीएसटी क्रमांकासह. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कार्ड यांचं पूर्ण मॉडेल, आणि कार्डाचा सिरियल नंबर. ‘ग्राफिक कार्ड ४ जीबी – १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीत फार उपयोगी पडत नाही. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे माग राहतो.

फसलाच असाल तर कार्डाचा कूलर खोलू नका. वॉरंटीचं स्टिकर फाटलं की दोष तुमच्यावर येतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचं संभाषण, आणि कार्डावरच्या स्टिकरपासून सुरू होऊन जीपीयू-झेडच्या पानावर संपणारा एकसंध व्हिडिओ करून ठेवा. वॉरंटीच्या मुदतीत फोन न करता लेखी, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ‘कार्ड बनावट आहे, पैसे परत हवेत’ असं कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ‘टेस्टिंग वॉरंटी’ संपली म्हणून बनावट माल खरा होत नाही. विकणारा दुकानदार नसून कोणी खाजगी माणूस असेल तर ग्राहक आयोगाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे पोलिसांकडे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. या बाबतीत पहिले काही तास महत्त्वाचे.

एक जोडधंदाही याच गिऱ्हाइकांवर चालतो. ‘एफपीएस वाढवून देतो, एनीडेस्क (दुरून पीसी चालवू देणारं ॲप) टाका’ म्हणणारे. पाचशे-हजार घेऊन ते स्टार्टअपमधले चार प्रोग्रॅम बंद करतात, किंवा ‘बूस्टर’ म्हणून क्रॅक केलेलं काहीतरी टाकून जातात. काही दिवसांनी गेम बंद असतानाही पंखे फुल फिरत असतील तर मागे मायनर (तुमच्या पीसीवर चोरून क्रिप्टो कमावणारा प्रोग्रॅम) चालतोय का ते एचडब्ल्यूइन्फोत (पीसीतल्या भागांचा वापर आणि तापमान दाखवणाऱ्या साधनात) बघा. टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसणारे मायनर असतात. संपूर्ण फॉरमॅट करून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घ्या आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

पैसे परत आले नाहीत तरी कॅबिनेट, पंखे आणि एसएसडी पुढच्या पीसीत वापरता येतात. एसएमपीएस वापरू नये. कार्ड विकायचंच असेल तर जीटीएस ४५० म्हणून, तसं लिहून, आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट जोडून विका.