सांडपाण्यासाठी तळी बरी की यंत्र?

समुद्रापासून दूरच्या छोट्या वस्तीचं सांडपाणी शेवटी ओढ्यात नाहीतर शेतात जातं. ते शुद्ध करायला मुख्यतः दोन पर्याय असतात: हवा फुंकणारा सक्रिय गाळ प्रकल्प किंवा स्थिरीकरण तळी.

यंत्राचं काम झटपट. ब्लोअर हवा सोडतो, जिवाणू घाण खातात, काही तासांत उरकतं. जागाही थोडी लागते. पण वीज सतत हवी. ती बराच वेळ गेली की जिवाणू गुदमरतात आणि पुन्हा घडी बसायला दिवस जातात. शिवाय गाळ नियमित काढायचा, त्याची विल्हेवाट लावायची आणि हे सगळं जाणणारा माणूस टिकवायचा. (छोट्या वस्तीत खरी अडचण बहुधा हीच.)

तळ्यांत ब्लोअरचं काम शेवाळ करतं: उन्हात प्राणवायू सोडतं, तो जिवाणू वापरतात. पहिलं तळं साधारण २ ते ५ मीटर खोल, बिनहवेचं, पुढची उथळ. पाणी कित्येक दिवस, कधी आठवडे रेंगाळतं, आणि फायदा त्यातच आहे. जंतांची अंडी तळाशी बसतात. सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त १ अंडं, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नीट आखलेली तळी रसायनांशिवाय गाठतात. गाळ काही वर्षांनी एकदा काढायचा. मात्र जमीन भरपूर लागते, थंडीत वेग मंदावतो, बाहेरच्या पाण्यात शेवाळ उरतं.

पाणी शेतीला जाणार असेल आणि जमीन मोकळी असेल, तर मी तळीच निवडेन. जमीन नसेल तर यंत्र घ्यावं, पण जनरेटरचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.