आधी परवाना वाचणारं दुकान

दुकानाचं नाव टाकत नाही. शस्त्रांचं दुकान आहे, चारचौघांत पत्ता लिहिणं मला बरं वाटत नाही. आणि नाशिक जिल्ह्यात ज्याच्याकडे परवाना आहे त्याला हे दुकान माहीत असतंच. जुन्या नाशकात, एका शटरचं, बाहेरून बघाल तर कुलूप-किल्लीवाल्याचं वाटेल. मी गेलो होतो रिव्हॉल्व्हरचं कव्हर घ्यायला. कव्हर घेतलंही. पण हे लिहितोय ते कव्हरापेक्षा त्या शेठजींनी आधी अर्धा तास जे केलं त्यासाठी.

आमची द्राक्षाची बाग मोहाडीच्या बाजूला. एका हंगामात व्यापारी माल उचलून गेला आणि पैसे बुडवले, तेव्हापासून मी रोखीशिवाय खुडा करू देत नाही. गेली तीन वर्षं वापीचा एक व्यापारी माल घेतो, माणूस चोख आहे, पण हिशेब त्याच्या गाळ्यावर बसून करावा लागतो. परत येताना रात्र होते. पेठ रस्ता ज्यांनी रात्री केलाय त्यांना सांगायला नको. कोटंबीचा घाट, सावळ घाट, मध्ये मैलभर दिवा नाही, आणि शेजारच्या सीटवर पैशाची पिशवी. शिवाय मळ्यातलं घर एकटं. म्हणून रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशी झाली, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडला, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना मिळाला. ग्रामीण भागाला तो जिल्हाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. हत्यार .३२ चं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, सहा गोळ्यांचं.

तर काउंटरवर गेलो आणि म्हटलं, कमरेला लावायचं कव्हर दाखवा. शेठजी म्हणाले, "आधी पुस्तक द्या." म्हणजे परवान्याचं. मला वाटलं फोटो बघतील आणि परत देतील. त्यांनी चष्मा बदलला, पुस्तक दिव्याखाली धरलं आणि पानन् पान वाचायला घेतलं. यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा खास क्रमांक, आहे का, हत्याराचा नंबर जुळतो का, एका वेळी किती गोळ्या, वर्षाला किती, मुदत कधी संपते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, हे त्यांनी मला विचारलं नसताना सांगितलं. मग एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

"नाना, हे घेऊन कुठं कुठं फिरता?"

"नाशिक. कधी मुंबई. आणि वापीला."

"वापी कुठल्या राज्यात?"

मी गप्प. बोटाखाली टाइप केलेलं होतं: महाराष्ट्र राज्य.

आता माझी बाजू सांगतो. परवान्याच्या वेळी कागदपत्रं करून देणारा एक एजंट गाठला होता. त्याने छातीठोक सांगितलं होतं, "परवाना म्हणजे परवाना, भारतभर चालतो." मलाही पटलं, कारण नाशिकच्या आरटीओचं लायसन्स काश्मीरपर्यंत चालतंच की. कायदाही दिल्लीचाच, १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे, सगळ्या देशाला एकच. मग राज्याची वेस आड येईल असं डोक्यात येणार कुठून? त्या भरवशावर मी कमरेला हत्यार लावून दोन हंगाम वापीला जाऊन आलो. कपराड्याच्या अलीकडे गुजरातचे पोलीस गाडी थांबवायचे, डिकी उघडायला लावायचे, बाटल्या शोधायचे. दारूबंदी आहे ना तिकडे. क्रेटखाली हात घालून बघायचे, माझ्या कमरेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तेव्हा मी हसत हसत द्राक्षाचा घड द्यायचो. दुकानात उभं राहून ते सगळं आठवलं आणि पोटात गोळा आला.

शेठजींनी समजावलं ते असं. परवाना कुठं चालेल हे कायद्याच्या नावावरून नाही, पुस्तकातल्या हद्दीच्या ओळीवरून ठरतं. कुणाची ओळ जिल्ह्यापुरती, कुणाची राज्यापुरती. राज्याबाहेर न्यायचं तर हद्द वाढवून घ्यायची, त्याचा अर्ज वेगळा, त्याला कारण आणि पुरावा लागतो. देशभराच्या हद्दीसाठी केंद्राच्या २०१० च्या धोरणात खासदार, लष्कर-निमलष्करातले लोक, देशभर बदली होणारे अधिकारी, नेमबाज खेळाडू असे ठरावीकच धरलेले. द्राक्षवाला त्यात नाही. "तुम्हाला शेजारच्या राज्यापुरतं मागता येईल, व्यापाऱ्याच्या पावत्या जोडा. मिळेलच असं मी म्हणणार नाही," एवढंच बोलले. मिळवून देतो असं म्हणाले नाहीत, पैशाचं नाव काढलं नाही. ज्याने भारतभर म्हणून सांगितलं होतं त्याने मात्र पैसे आधी मोजून घेतले होते.

रात्री पुतण्याशी बोलणं झालं. तो फिलाडेल्फियाजवळ राहतो, आता तिकडचाच नागरिक आहे आणि त्याच्याकडेही पिस्तुलाचा परवाना आहे. मला वाटलं अमेरिकेत काय, बंदुका भाजीसारख्या मिळतात, तो हसेल मला. तो म्हणाला, "नाना, माझं तुमच्यापेक्षा वाईट आहे." पेनसिल्व्हेनियाचा परवाना त्याला काउंटीच्या शेरीफकडून मिळाला, वीस डॉलर फी, पाच वर्षांची मुदत. पण डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की न्यू जर्सी. ते दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही. आणि त्याची नोकरी नदीपलीकडे. परवान्याशिवाय पिस्तूल सापडलं तर तिथे पाच ते दहा वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. उलट काही राज्यांत परवाना लागतच नाही, व्हरमाँटमध्ये तर कधीच लागला नाही, टेक्सासमध्ये २०२१ पासून लागत नाही. कुठलं राज्य कुणाचा परवाना मानतं याचे नकाशे लोक फोनवर ठेवतात आणि ते बदलत राहतात. मग वाटेत मध्येच असं राज्य आलं तर? त्यासाठी १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे: जिथून निघालात आणि जिथे पोचणार तिथे दोन्हीकडे तुमचं हत्यार कायदेशीर असेल, तर गोळ्या काढून, हाताला येणार नाही असं ठेवून मधून जाता येतं. सगळ्या राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असं विधेयक २०१७ च्या डिसेंबरात त्यांच्या खालच्या सभागृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूरही झालं, सिनेटमध्ये अडकलं. म्हणजे त्याच्या वाटेत नदी, माझ्या वाटेत पेठचा घाट. तो म्हणाला, "मी तर ऑफिसच्या दिवशी घरीच ठेवतो." एका अर्थी मीही आता तेच करतो.

दुकानाची खरी सेवा ती. परवानाधारक विक्रेत्याकडे हत्यार जमा ठेवता येतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं जमा करायचं ते निवडणुकीत, पोलीस ठाण्यात. वापीला जायच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात जातो. शेठजी रिव्हॉल्व्हर हिरव्या कापडाच्या ट्रेमध्ये ठेवतात, चकरी बाहेर काढून सहाही भोकांतून उजेड बघतात, गोळ्या माझ्यासमोर मोजतात, नंबर वहीत उतरवतात, माझी सही घेतात आणि पावती देतात. दोन दिवसांचे शंभर रुपये. गेल्या खेपेला मी गोळ्या बारा म्हणालो आणि निघाल्या अकरा. बारावी माझ्या जॅकेटच्या अस्तरात सापडेपर्यंत त्यांनी पावतीवर पेन टेकवलं नाही. मागे गिऱ्हाईक उभं होतं, तरीही.

आता कव्हराबद्दल. काळं चामडं, अंगठ्याने उघडायची पट्टी, चौदाशे रुपये. नियमाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार कव्हरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं, म्हणून त्यांनी बाहेर मूठ दिसणारं डौलदार मॉडेल मला दाखवलंच नाही. "लग्नात मिरवायचं असेल तर दुसरं दुकान बघा," म्हणाले. २०१९ पासून आनंदाच्या भरात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे आमच्याकडच्या काही नवरदेवांच्या मामांना कुणीतरी सांगायला हवं. आठ महिने वापरतोय. शिलाई शाबूत आहे, पट्ट्याला अडकवायची क्लिप मात्र पावसाळ्यात गंजली, आणि जूनच्या घामात चामड्याचा वास शर्टाला लागतो, बायको वैतागते. घरी हत्यार कव्हरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, हे त्यांनी बजावलं होतं. मी एक महिना ऐकलं नाही, नळीवर तांबूस ठिपके आले. ते त्यांनीच तेल लावून, घासून काढून दिले, वर चार शब्द ऐकवले.

तक्रारी दोन. दुकान अकराला उघडतं, मी पहाटे सहाला निघतो, त्यामुळे जमा करायला आदल्या दिवशी वेगळी चक्कर होते. मोहाडीहून संध्याकाळच्या गर्दीत जुन्या नाशकात गाडी घालणं म्हणजे शिक्षाच, पार्किंग तर विसराच. दुसरं, रोकड किंवा चेक, फोनवरून पैसे घेत नाहीत. आणि शेठजींचा स्वभाव फटकळ आहे, ही तक्रार समजा किंवा नका समजू.

हद्द वाढवायचा अर्ज दिलाय, तीन हंगामांच्या पावत्या जोडून. उत्तर यायचंय. तोवर वापीला जाताना कमरेला काही नाही, वरच्या खिशात दुकानाची पावती. परवा कपराड्याला पोलिसाने डिकी बघितली, बाटली नाही म्हटल्यावर क्रेटमधला एक घड स्वतःच उचलला.

पाचपैकी साडेचार तारे. दुपारी एक ते चार जेवणाची वेळ, रविवारी बंद. शटर अर्धं खाली दिसलं तर हाक मारा, आतच असतात. पुस्तक मात्र बरोबर घेऊन जा, झेरॉक्सला हात लावत नाहीत.