रांगेची वेळ सांगणारं ॲप: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

मे ते ऑक्टोबर असा अख्खा हंगाम हे ॲप वापरून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. ॲपचं काम दोन प्रकारचं. थीम पार्कमधल्या कुठल्या राइडला आत्ता किती मिनिटांची रांग आहे ते दाखवायचं, आणि मागच्या दिवसांचे आकडे साठवून कुठल्या वारी, कुठल्या तासाला गर्दी कमी असते त्याचा आलेख द्यायचा. अशी ॲप्स बरीच आहेत आणि साधारण एकाच धर्तीची आहेत, त्यामुळे नाव देत नाही. मी आणि माझी अकरा वर्षांची भाची, आम्ही दोघींनी गाडीने अमेरिकेतल्या ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि इंडियानात चार फेऱ्या केल्या, आठ पार्क पाहिले. रोलर कोस्टरचं वेड मला आधीपासूनच. तिला या वर्षी लागलं.

ॲप मी ठेवणार आहे. पण ज्या कामासाठी घेतलं होतं त्या कामासाठी नाही.

घेतलं होतं ते ‘आत्ता किती मिनिटं’ बघायला. पहिल्या फेरीत आम्ही तेच केलं. जिथे आकडा कमी दिसेल तिकडे पळत सुटायचं. पार्कच्या या टोकाला वीस मिनिटं दिसली की निघालो, पोचेपर्यंत पस्तीस झालेली, मग दुसऱ्या टोकाला पंधरा दिसली म्हणून परत उलट्या पावली. त्या दिवशी पायाचे तुकडे पडले आणि राइड झाल्या फक्त सहा. आपल्यासारखेच इतर लोकही तोच आकडा बघून तिकडेच निघालेले असतात. शिवाय आकडा ताजा असतोच असं नाही. एका पार्कमध्ये तर राइड बंद पडून चाळीस मिनिटं झाली होती, रांगेतून लोक बाहेर पडत होते, आणि फोनवर मात्र दहा मिनिटांची रांग दिसत होती.

दुसऱ्या फेरीपासून मी मिनिटांऐवजी कोस्टरच्या गाड्या मोजायला लागले. माझ्या मते या सगळ्या अनुभवातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

कोस्टरची रांग किती लांब आहे यापेक्षा ती किती वेगाने सरकते ते महत्त्वाचं, आणि ते ठरतं रुळावर किती गाड्या आहेत आणि स्टेशनातून त्या किती वेळाने सुटतात त्यावर. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी टप्पा सोडत नाही तोवर मागची ब्रेकवर थांबून राहते. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कच्या मिलेनियम फोर्सचं उदाहरण घ्या. २००० साली सुरू झालेला, ३१० फूट उंच, ताशी साधारण १५० किलोमीटर वेग असलेला कोस्टर. तीन गाड्या, प्रत्येकीत ३६ माणसं. तासाला १,३०० माणसं ही त्याची कागदावरची क्षमता, म्हणजे दर शंभर सेकंदांना एक गाडी सुटायला हवी. तुमच्यापुढे ५४० माणसं असतील तर त्या पंधरा गाड्या झाल्या, पंचवीस मिनिटं. तीच गाडी काही कारणाने अडीच मिनिटांनी सुटायला लागली की त्याच ५४० माणसांना साडेसदतीस मिनिटं लागतात. रांग डोळ्यांना तेवढीच दिसते.

म्हणून आता रांगेत शिरण्याआधी आम्ही बाहेर उभं राहून दोन गाड्या सुटेपर्यंत घड्याळ बघतो. मग वळणावळणाच्या कठड्यातली एक ओळ मोजायची, ओळींच्या संख्येने गुणायचं, गाडीतल्या जागांनी भागायचं. जास्तीचे पैसे भरून वेगळ्या रांगेतून येणारी माणसं शेवटी कुठे मिसळतात तेही बघून ठेवावं, कारण तिथे पोचेपर्यंत त्यांच्यामुळे आपली रांग मंदावते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. भाची हिशोबाला इतकी पटाईत झाली की जुलैपर्यंत मी विचारायचंच सोडून दिलं.

तरीही ॲपचा जुन्या आकड्यांचा आलेख मात्र लाखमोलाचा आहे, आणि तो वापरायचा घरी बसून, फेरी आखताना. शनिवार टाळा हे कुणीही सांगेल. पण आलेखात कळतं की पार्क उघडल्यानंतरचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास यांच्यामध्ये दुपारचा जो डोंगर उभा राहतो, तो सगळ्या राइडना सारखा नसतो. प्रवेशद्वाराजवळचे कोस्टर सकाळीच भरतात, मागच्या कोपऱ्यातले उशिरा. त्यामुळे दार उघडताच आम्ही सरळ मागच्या टोकाला जातो आणि तिथून उलटं पुढे येतो. फक्त असे मागचे कोस्टर त्या पार्कात दार उघडल्याबरोबर सुरू होतात ना, एवढं आधी पाहून घ्या.

गाडीचा प्रवास आखताना ॲपचा उपयोग शून्य. त्यासाठी मी साधी वही ठेवते. एका पानावर एक पार्क, वर त्याच्या वेळा, खाली आम्हाला हव्या असलेल्या चारच राइड. पाचवी लिहायची नाही. सीडर पॉइंटहून ओहायोतलंच किंग्ज आयलंड पार्क तीन-साडेतीन तासांवर आहे, ते संध्याकाळी निघून गाठता येतं. पण एक दिवस एक पार्क हा नियम आम्ही एकदाच मोडला आणि परत मोडणार नाही. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: इंडियानातल्या सांता क्लॉज गावचं हॉलिडे वर्ल्ड पार्क घड्याळाच्या दुसऱ्या पट्ट्यात येतं. ओहायोहून जाताना एक तास हाताशी राहतो आणि परतताना तोच तास जातो. जाताना आम्हाला तो वरदान वाटला होता. परतीच्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ठरल्यापेक्षा तासभर उशिरा पोचलो तेव्हा वहीत लाल शाईने लिहून ठेवलं.

दुसरी चूक माझी मोठी होती. उंच कोस्टर जोराच्या वाऱ्यात थांबवतात, आणि जवळपास विजा चमकल्या की मोकळ्यावरच्या राइड बंद होतात. हे मला ठाऊक होतं, तरी जूनमध्ये मी सगळ्यात उंच राइड दुपारसाठी राखून ठेवली. दुपारी आभाळ आलं. अडीच तास आम्ही छपराखाली बसून होतो आणि ॲपवर एकेक नाव ‘बंद’ होताना बघत होतो. तेव्हापासून उंच ते आधी, आणि लाकडी संध्याकाळी.

लाकडी कोस्टर संध्याकाळी ठेवण्यामागे वाऱ्याखेरीज आणखी एक कारण आहे. दिवसभर पळून चाकं आणि वंगण तापलेलं असतं, त्यामुळे गाडी सकाळपेक्षा सैल आणि वेगात धावते. नोबल्स पार्कच्या फिनिक्स या लाकडी कोस्टरवर हे मी स्वतः अनुभवलं. हा कोस्टर मुळात १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत ‘रॉकेट’ नावाने उभा राहिला होता. तो पार्क बंद पडला, आणि नोबल्सने अख्खा कोस्टर सुटा करून पेनसिल्व्हेनियात आणला, १९८५ साली पुन्हा उभा केला. स्टेशनातून निघाल्याबरोबर गाडी लांब काळोख्या बोगद्यात शिरते. वर चढेपर्यंत नुसता साखळीचा खडखड आवाज. मांडीवरचा दांडा शरीराला चिकटत नाही, त्यात चांगली पोकळी राहते. त्यामुळे शेवटच्या छोट्या उंचवट्यांवर गाडी खाली जाते आणि आपण वरच राहतो. बाक सुटतं, गुडघे दांड्याला लागतात, पोटात खड्डा पडतो, आणि खाली येतोय न येतोय तोच पुढचा उंचवटा. सकाळी आम्ही नीट बसून ओरडलो होतो. संध्याकाळी सातच्या फेरीत भाचीने शेवटच्या तीन उंचवट्यांवर माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली, आणि उतरल्यावर एवढंच म्हणाली, ‘आत्या, परत.’ नोबल्सला प्रवेश फुकट आहे, राइडनुसार तिकीट काढता येतं. म्हणून वाटेत दोन तास मोकळे असतील तरी तिथे थांबणं परवडतं. इतर पार्कांबद्दल असं म्हणता येत नाही.

बसायच्या जागेबद्दल. ॲपमध्ये ही माहिती कुठेच नसते, आणि असायला हवी. मागच्या जागेवर गाडी आपल्याला शिखरावरून खेचून खाली नेते, पुढच्या जागेवर समोर फक्त रूळ आणि आभाळ. लाकडी कोस्टरवर डब्याच्या बरोबर चाकांवर येणारी बाकांची रांग जास्त हादरते. पाठ दुखत असेल तर मधली रांग मागून घ्या, कर्मचारी बहुतेक वेळा देतात, फक्त एखादी गाडी जास्त थांबावं लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या केनीवुड पार्कच्या जॅक रॅबिटला मात्र काहीही होवो, बाकांची शेवटचीच रांग. १९२० सालचा कोस्टर आहे, दरीच्या उतारावर बांधलेला, आणि त्याचा तो प्रसिद्ध दुहेरी उतार शेवटच्या डब्यातच कळतो. कोस्टर बांधणाऱ्या जॉन मिलरने गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं होतं, हा कोस्टरही त्याचाच. ती खालची चाकं नसती तर असा उतार बांधायची कुणाची छाती झाली नसती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कोस्टरवर बसून वर उचललं जाताना मला खरोखर त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले.

फोनच्या बॅटरीबद्दल सगळेच लिहितात, मीही लिहिते: दिवसभर ॲप उघडं ठेवलं की दुपारी तीनला फोन मान टाकतो. आणि काही राइडना फोन बरोबर नेऊच देत नाहीत. मनगटी घड्याळ घ्या.

गाडी चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. दिवसभर उन्हात, डोकं गरगरवणाऱ्या दहा-बारा राइड करून लगेच तीन तास गाडी हाकायची नसते. ऑगस्टमध्ये मी तसं केलं. तासाभराने डोळे जड झाले, सरळ रस्ताही वळतोय असं वाटायला लागलं, तेव्हा एका विश्रांतीथांब्यावर गाडी लावून दीड तास झोपले. बरोबर मूल होतं. त्यानंतर शेवटची राइड आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये एक तास मोकळा, भरपूर पाणी, आणि मुक्काम पार्कपासून अर्ध्या तासाच्या आत. यात तडजोड नाही.

मुक्काम जवळ ठेवल्याचा फायदा किंग्ज आयलंडला झाला. तिथला द बीस्ट, १९७९ सालचा, जगातला सगळ्यात लांब लाकडी कोस्टर, सुमारे सव्वादोन किलोमीटर. दिवसा तो मला ठीक वाटला, खरं सांगायचं तर थोडा संथच. ॲपच्या आलेखानुसार पार्क बंद होण्याआधी त्याची रांग वाढते, आणि मी भाचीला म्हटलं की कशाला, दुपारी झालाय ना. तिनेच हट्ट धरला. रात्री साडेनऊला बसलो. झाडीत शिरल्यावर दिवा नाही. पुढचा रूळ दिसत नाही, फक्त चाकांचा आवाज झाडांवर आपटून परत येतो. दुसऱ्या चढावर गाडी सावकाश वर जात असताना सगळा डबा गप्प झाला होता. तिथून खाली काळोख्या बोगद्यातल्या त्या प्रचंड वेटोळ्यात गाडी घुसली तेव्हा मला दुपारचं माझं मत पूर्ण चुकीचं होतं हे कळलं. कमी रांग बघून दुपारी उरकलेली राइड आणि रांग लावून रात्री केलेली राइड, रूळ तोच असून दोन वेगळ्या राइड होत्या. ॲपला यातलं काही दाखवता येत नाही, आणि मी जर त्याचंच ऐकलं असतं तर हे हुकलं असतं.

ज्यांच्याबरोबर मुलं आहेत त्यांच्यासाठी: बहुतेक मोठ्या कोस्टरना ४८ इंच उंची लागते, काहींना ५२ किंवा ५४. घरी, बुटांशिवाय, भिंतीला टेकवून मोजा आणि मगच मुलाला सांगा. मे महिन्यात सीडर पॉइंटला भाची स्टील व्हेंजन्स या कोस्टरच्या मोजपट्टीखाली उभी राहिली तेव्हा ती ५२ ला अर्धा इंच कमी भरली. कर्मचारी मुलगी फार मायेने बोलली, पण नियम तो नियम. भाचीने मान ताठ करून पुन्हा मोजायला लावलं, मग काही न बोलता बाजूला झाली. दिवसभर तिने त्या कोस्टरचं नावही काढलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही परत गेलो. मोजपट्टी तिच्या केसांना लागली. त्या मुलीच्या जागी दुसरं कुणीतरी होतं, त्याने नुसतं ‘जा’ म्हणून हात केला. माझा फोन लॉकरमध्ये होता. ठेवण्याआधी पाहिलं तेव्हा त्यावर पन्नास मिनिटं दिसत होती. भाची कठड्याला टेकून उभी राहिली, घड्याळ बघत दोन गाड्या जाऊ दिल्या, ओठ हलवत ओळी मोजल्या. गाडीत २४ जागा, दीड मिनिटाला एक गाडी. ‘पस्तीस,’ ती म्हणाली, ‘आणि आत्या, मागची रांग मागायची.’ अडतिसाव्या मिनिटाला आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो आणि ती मांडीवरचा दांडा दोन्ही हातांनी तपासून बघत होती.