डेबियन 13 की उबंटू सर्व्हर 24.04? एकाच जुन्या पीसीवर दोन्ही टाकून बघितले

भावाच्या दुकानात एक जुना पीसी पडून होता, 8 जीबी रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क, त्याच्यावर सांबा (नेटवर्कवर फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर) टाकून सगळी बिलं एका जागी ठेवायची होती. म्हणून रविवारी आधी उबंटू टाकलं, मग ते पुसून डेबियन, दोन्ही लिनक्सच.

उबंटूची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) अडीच जीबीच्या वर. डेबियनची नेटइन्स्ट (छोटी आयएसओ) एक जीबीच्या आत, पण बाकीचं ती नेटवरून खेचते, त्यामुळे नेट स्लो असेल तर वेळ तिथे जातो.

उबंटूचा इन्स्टॉलर एकदम सरळ, गिटहबवरची एसएसएच की (दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची किल्ली) तिथल्या तिथे आणता येते हे मला फार आवडलं (ओपनएसएसएचची टिक मात्र आपण करायची). पण डिस्कच्या स्क्रीनवर नुसतं डन डन दाबत जाऊ नका! तिथे एलव्हीएम (डिस्कचे भाग नंतर वाढवू देणारी सोय) आधीच टिक असतं आणि मोठ्या डिस्कवर ते रूटला (सिस्टिमच्या मुख्य भागाला) 100 जीबीच देतं, मग डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) मारलं की 98 जीबी दिसतात आणि पोटात गोळा येतो की बाकीची डिस्क गेली कुठे. कुठे जात नाही, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमच्या जागेच्या साठ्यात) मोकळी पडलेली असते, त्याच स्क्रीनवर साइज वाढवा, नाहीतर नंतर एलव्हीएक्सटेंड आणि रिसाइझटूएफएस या कमांड मारा.

डेबियन जास्त प्रश्न विचारतं. रूटचा (मुख्य ॲडमिन युजरचा) पासवर्ड रिकामा सोडला तर पहिल्या युजरला सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवायची सोय) मिळतो, भरला तर सुडो इन्स्टॉलच होत नाही, नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. पुढे सॉफ्टवेअरच्या यादीत डेस्कटॉप आणि ग्नोमवरची (हाही डेस्कटॉपच) खूण स्पेसबारने काढायची आणि एसएसएच सर्व्हरवर लावायची, एंटर दाबलं तर थेट पुढे जातं. फर्मवेअरची (वायफायसारखं हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या फाइल्सची) जुनी कटकट मात्र गेली, 2023 च्या डेबियन 12 पासून ते आयएसओतच येतं. आणि 13 मध्ये टेम्प (तात्पुरत्या फाइल्सचा) फोल्डर रॅममध्ये असतो, कमी रॅमवाल्यांनी लक्षात ठेवा.

सपोर्ट दोन्हीकडे साधारण 5 वर्षं, डेबियनची शेवटची 2 एलटीएसची (लाँग टर्म सपोर्ट).

दुकानात मी डेबियनच ठेवलं, कारण त्यात स्नॅप (उबंटूची ॲप टाकायची पद्धत), क्लाउड-इनिट (पहिल्यांदा चालू होताना आपोआप सेटिंग करणारा प्रोग्राम) असलं काही नाही, जे चालू आहे ते आपणच टाकलेलं असतं. पण पहिलाच सर्व्हर असेल आणि सिक्युरिटी अपडेट आपोआप व्हावेत असं वाटत असेल तर उबंटू घ्या, तिथे ते सुरुवातीपासून चालू असतं, डेबियनमध्ये आपण बघून लावायचं.