नर्सेससाठी इन्फेक्शनचा मोबाइल गेम: सात महिन्यांनंतर

धुळ्यातल्या एका लहान खासगी दवाखान्यात मी इन्चार्ज सिस्टर आहे. सात महिन्यांपूर्वी मॅनेजमेंटने इन्फेक्शन कसं टाळायचं याच्या स्टाफ ट्रेनिंगसाठी मोबाइलवरचा एक गेम विकत घेतला. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

आधी चांगलं ते सांगते. लेक्चरला आमच्या पोरी पेंगतात. नाइट करून आलेल्या असतात, त्यांचाही दोष नाही. गेम मात्र चहाच्या सुट्टीतही खेळायच्या. हात धुण्याचे पाच क्षण इतकी वर्षं भिंतीवर चिकटवलेले होते, ते आता तोंडपाठ झाले. पेशंटला हात न लावता नुसता लॉकर किंवा पलंगाचा कठडा धरला तरी हात स्वच्छ करायचे, हा पाचवा क्षण सगळ्याच विसरायच्या. सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबात सॅनिटायझर पुरत नाही, त्याचे स्पोअर (टणक कवचातले बीजाणू) त्याने मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं, हेही तिथेच पक्कं झालं.

आता खटकलेलं. जितकं पटकन उत्तर द्याल तितके जास्त गुण. मग बोटं पळतात, डोकं मागे राहतं. गेममध्ये पहिली आलेली पोर दुसऱ्याच दिवशी वापरलेल्या सुईला टोपण लावताना मला दिसली, हाताला टोचेल म्हणून जे करायचंच नसतं! शिवाय गेममधल्या टीबीच्या पेशंटला निगेटिव्ह प्रेशरची खोली मिळते, म्हणजे आतली हवा बाहेर वॉर्डात येत नाही अशी. आमच्याकडे आहे खिडकी, आणि मे महिन्यात कूलर. कूलरचा वारा पेशंटवरून सिस्टरच्या टेबलाकडे येतोय का, हे तो गेम कधीच विचारत नाही.

म्हणून तिसऱ्या महिन्यात आम्ही घरचे खेळ जोडले. जुन्या कॅलेंडरचे पत्ते कापले, कुठला कचरा कशात टाकायचा ते ओळखायला. सलाइनचा सेट लाल पिशवीत, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्या, सुई पांढऱ्या डब्यात, काचेची व्हायल निळ्या. यात मावश्या आम्हाला हरवतात. पिशव्या रोज त्याच बांधतात ना.

पण खरी मजा गुलालाची. गाउन-ग्लोव्ह्ज घातलेल्या सिस्टरच्या हातांना जंतू समजून गुलाल फासायचा आणि सगळं उतरवायला लावायचं. आधी ग्लोव्ह्ज, मग चष्मा, मग गाउन, आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क. क्रम गेममुळे सगळ्यांना पाठ होता. तरी पहिल्या दिवशी बहुतेकींची मनगटं लाल, आणि एकीच्या तर कानामागे. "हाऊ गुलाल कथाईन उना वो माय!" कुठून आला, म्हणे. मास्कची दोरी, बाई. मध्ये हात स्वच्छ न करताच धरलेली.

पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे का, असं मॅनेजमेंट विचारतंय. वेळेचे गुण बंद करून देणार असतील तर भरा, म्हटलं. गुलालाची पुडी अजून माझ्याच पर्समधून येते.