कंपनीच्या कारकुनाची कुंडली, तेबी फुकट

आमचे आजोबा लातूरच्या आडतीत मुनीम होते, त्यामुळं जुन्या वह्यांचं मला लई वेड. त्याच नादात हडसन बे कंपनीच्या अर्काइव्हजची साइट सापडली. 1670 ची कंपनी, बीव्हरच्या कातड्याचा धंदा, दप्तर कॅनडात विनिपेगला, आणि जुन्या नोकरांची पानं पीडीएफमधे फुकट. गाव कोणतं, कामाला कधी लागला, कारकून म्हणून कंपनीच्या कोणत्या व्यापारी ठाण्यावर होता, माहीत असली तर बायको-लेकरं पण. त्यांचं हिशोबाचं वर्ष तेव्हा 1 जूनला सुरू व्हायचं, आपलं वहीपूजन दिवाळीला, एवढाच काय तो फरक.

मला तर बायकांचंच वाचून कसंतरी झालं. बऱ्याच कारकुनांनी तिकडच्याच क्री (तिथले मूळ आदिवासी) नाहीतर मेटी (आदिवासी अन् गोऱ्यांच्या मिश्र वंशाच्या) बायकांसोबत पाद्री न बोलवताच संसार मांडला, आन् काहींनी नंतर सोडून दिलं. खुद्द कंपनीचा तिकडचा गव्हर्नर सिम्पसन, त्यानं 1830 ला लंडनहून नात्यातली पोरगी करून आणली, त्याची तिकडची आधीची बायको मार्गारेट टेलर लेकरांसकट मागंच, तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं. काय म्हणावं आता!

साइटला पाच स्टार. इंग्रजी त्रोटक आहे पण जमतं. प्रिंट मात्र चौकातल्या नेटवाल्याकडून काढू नका, पानाला 10 रुपये घेतले आन् बायकोचीच ओळ कापली गेली.